दोन घरं खालची गिटार

गिटार शिकणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात आणि मानेत ताठा येतो. माझ्या बोटांना घट्टे कधी नीट पडलेच नाहीत, कारण ज्या गिटारवर मी शिकलो तिच्या तारा सैल होत्या. ताठा मात्र पहिल्या महिन्यातच आला आणि पुढे बरीच वर्षं टिकला.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. माझे वडील गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. रेल्वेत चिकटण्याची वाट बघत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो. आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत एक निवृत्त अँग्लो-इंडियन गार्ड एकटा राहायचा. त्याची बहुतेक माणसं एकेक करून बोटीने विलायतेला निघून गेली होती. हा राहिला. का राहिला म्हणून कोणी विचारलं तर सांगायचा, "हम गार्ड है. गार्ड आखरी डब्बे में बैठता है."

त्याच्याकडे गिटार होती. गोंदियाच्या पावसाने तिची मान वाकली होती आणि पोटाचा डिंक सुटला होता. पहिल्याच दिवशी ती माझ्या मांडीवर ठेवून गार्डसाहेब म्हणाला, "देखो बाबू, ये बुड्ढी है. पूरा कसेगा तो इसका पेट फट जाएगा. इसलिए हम इसको दो घर नीचे रखता है."

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला तो घर म्हणायचा. एक घर पुढे सरकलं की सूर एक पायरी चढतो. त्याची गिटार जगातल्या इतर गिटारींपेक्षा दोन पायऱ्या खाली लावलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. मग त्याने खिशातून एक पेन्सिल आणि बुटाची नाडी काढून माझ्या हातात दिली. "अकेला बजाएगा तो कोई बात नहीं. किसी के साथ बजाएगा तो ये पेन्सिल दूसरे घर पे कस के बांधेगा. फिर सूर बराबर आएगा. समझा?"

"समझा," मी म्हणालो.

हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. मला सांगितलं होतं, आणि मी समजलो म्हणालो होतो.

पुढचे चार महिने त्याने मला एकही गाणं शिकवलं नाही. नुसती सरगम. खालून वर आठ पायऱ्या, वरून खाली आठ पायऱ्या. समोर इंजिनं शंटिंग करत असायची, व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे यायचे, आणि मी सैल तारांवर सा रे ग म भणभणवत असायचो. गोमाश्या गोठ्यात शिरल्यासारखा आवाज यायचा. गार्डसाहेब डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "तुम सीढ़ी ऐसा चढ़ता है, जैसे छत पे पापड़ सुखाने जाता है." मला ती शाबासकी वाटली. त्याने एका कागदावर इंग्रजी अक्षरांत सुरांची नावं लिहून दिली होती. तो कागद मी पाठ केला. कान तयार करण्यापेक्षा कागद पाठ करणं सोपं, आणि मॅट्रिकला तेवढंच शिकवलेलं.

दिवाळीनंतर मामाच्या गावची मंडई होती. मंडई म्हणजे हलका, लवकर येणारा धान निघाला की आमच्या भागात गावोगाव भरणारी एका दिवसाची जत्रा. दुकानं, पाळणे, लेकीबाळींचं माहेरी येणं, आणि भर दुपारी गावाच्या मधोमध दंडार. गावातलीच पुरुषमाणसं पायात घुंगरू बांधून नाचतात, सोंगं आणतात, गातात. त्या गावच्या दंडारीत पेटी माझा मामा वाजवायचा. अठरा वर्षं तोच वाजवत आला होता. मी गार्डसाहेबाला म्हणालो, मंडईला गिटार नेतो. त्याने दिली. निघताना म्हणाला, "पेन्सिल लिया?" मी खिसा दाखवला.

गोंदियाजवळच्या गोरेगावला मोटार थांबली तेव्हा मामा बैलबंडी घेऊन उभा होता. मी उतरलो, आणि त्याने भर बाजारात वाकून माझ्या पायांना हात लावला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. शंभर बामण एकीकडे आणि एक भाचा एकीकडे, अशी म्हणच आहे. भाच्याला काम सांगायचं नाही, उष्टं उचलू द्यायचं नाही, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. भाचा कसा आहे, हे कोणी बघत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा रिकामटेकडा, चार महिन्यांची सरगम आणि उधारीची गिटार, एवढ्या भांडवलावर मी देव होतो.

आणि पाया पडणारा माणूस कसा होता? मामा शाळेत गेला नव्हता. चार एकर धानाची जमीन, आणि कान. त्याच्या कानाला पंचक्रोशीत मान होता. गोरेगावच्या आठवडी बाजारात पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घ्यायचा असला की बाया त्याला हाक मारायच्या. मामा गुंडाला बोटाने टिचकी मारायचा, कान द्यायचा, आणि म्हणायचा, "नको घेऊ माय, बुडाले तडा आहे." भांडीवाला शिव्या द्यायचा. पण तडा असायचाच.

माझ्याबद्दल तो एकदा लाडाने म्हणाला होता, "भाच्याच्या डोक्यात लई आहे, कानात थोडं कमी आहे." सगळे हसले होते. मी दहा वर्षांचा होतो. मी ते विसरलो नव्हतो, हेही आता सांगून टाकतो.

मंडईला चार दिवस होते. पाटलाच्या अंगणात दंडारीची तालीम चालायची. पाटीलच दंडारीचा मुख्य. मी गिटार घेऊन गेलो आणि अंगण माझ्याभोवती गोळा झालं.

"हे का होय गा? सतार?"

"गिटार," मी म्हणालो. "इंग्रजी वाद्य आहे."

"मंग इंग्रजीतच वाजते का?"

मी सुरुवात पेटीपासून केली. खिशातून पेन्सिल काढली, कागदाचे तुकडे फाडले, त्यांवर इंग्रजी अक्षरं लिहिली आणि भाताच्या शिताने मामाच्या पेटीच्या पट्ट्यांवर चिकटवली. कोणी विचारलं नव्हतं. मामा बाजूला सरकून कौतुकाने बघत होता. पाटील म्हणाला, "पेटी मॅट्रिक झाली बाप्पा."

मग मी गिटारवर सा वाजवला आणि मामाला त्या अक्षराची पट्टी दाबायला सांगितली. ती पांढरी एक, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांतली पहिली. दोन्ही आवाज एकदम निघाले आणि अंगणातलं कुत्रं उठून गेलं.

मामाने मान वाकडी करून गिटार पुन्हा वाजवायला लावली. त्याची बोटं पेटीवर डावीकडे सरकली, दोन पायऱ्या खाली, काळ्या पट्ट्यांतल्या पाचवीवर. ती त्याने दाबली. आता दोन्ही आवाज पाण्यात पाणी मिसळावं तसे मिसळले.

"तुहा सा माह्या काळी पाचवर बसून रायला," मामा म्हणाला. "झालं. मी काळी पाचवरून वाजवतो. झगडा कायचा?"

झगडा कशाचाच नव्हता. एका निरक्षर माणसाने एका क्षणात रोग ओळखून औषधही दिलं होतं. मी ते घेतलं असतं तर मंडई झाली असती, मी चार गाण्यांना भणभण साथ केली असती, आणि हे लिहायची वेळ आली नसती. पण कागदावर लिहिलं होतं, हा सा त्या पट्टीवर. कागद इंग्रजीत होता.

"असं चालत नाही मामा," मी म्हणालो. "यामागे शास्त्र आहे. ही गिटार विलायती आहे. हिचा सूर चुकत नाही. तुझी पेटी चढलेली आहे. अख्खी पेटी दोन पायऱ्या चढलेली आहे."

"अठरा वर्षांपासून?" मामाने विचारलं.

"असेल. इथे कोण तपासणार?"

पाटलाने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रेल्वेच्या साहेबापाशी शिकला पोट्टा. त्याले समजत असनच ना."

मामाने पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "भाचा म्हणते त असन." आणि हसला. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढे फार दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने ओसरीवर पेटी उघडली. पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळेची जीभ असते. ती बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. हे त्याला माहीत होतं. एका पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसून तो शिकला होता. हातात बारीक कानस, समोर जीभ, भोवती पाटील आणि दंडारीतली सात-आठ माणसं. मी बाजेवर गिटार घेऊन बसलो होतो. तो घासायचा, भाता मारून फुंकायचा, मी सा वाजवायचो, "अजून खाली" म्हणायचो. तो पुन्हा घासायचा. दारात उभी राहून मामी म्हणाली, "चांगली पेटी घासून घासून भांडे करता का तिचे?" कोणी हसलं नाही. काम शास्त्राचं होतं.

पहिला सूर जमल्यावर मी त्या पट्टीच्या कागदावर पेन्सिलीने 'ठीक' लिहिलं, शाळा तपासायला आलेला साहेब लिहितो तसं. दुसऱ्यावरही लिहिलं. मग पेन्सिलीचं टोक मोडलं.

मी पातं मागून टोक काढायला बसलो. पेन्सिल बोटांत फिरवताना तिच्या लाकडावर काहीतरी लागलं. एका ओळीत सहा बारीक खाचा. सारख्या अंतरावर. सहा तारा दाबून दाबून पडलेल्या खाचा.

"किसी के साथ बजाएगा तो ये पेन्सिल दूसरे घर पे..."

बाजेवर बसल्या बसल्या मला सगळं कळलं. पेटी बरोबर होती. अठरा वर्षं बरोबर होती. चूक दोन घरं खाली माझ्या मांडीवर होती, आणि तिचं औषध माझ्या हातात होतं. त्याच औषधाने मी रोग लिहीत बसलो होतो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो, एवढ्या माणसांसमोर लाज वाटली, वय लहान होतं. ते खरंही आहे थोडं. पण मला मजा येत होती. "कानात थोडं कमी" म्हणणारा कान माझ्यासमोर वाकून बसला होता आणि माझ्या "अजून खाली" वर स्वतःचे सूर घासत होता. दोन जिभा मी अडाणीपणाने घासायला लावल्या. त्यांचं काय ते देव बघेल. तिसरीपासून पुढच्या मी जाणून घासायला लावल्या.

मी पेन्सिलीला चांगलं अणकुचीदार टोक काढलं आणि तिसऱ्या पट्टीवर 'ठीक' लिहिलं.

सातवी जीभ कानशीखाली तुटली. पितळ किती सोसणार? दोन पायऱ्या उतरवायच्या म्हणजे जवळजवळ निम्मी जीभ खरवडायची. घासलेल्या सहा दम लागल्यासारख्या वाजत होत्या आणि न घासलेल्यांशी त्यांचं काही जमत नव्हतं. अख्खी पेटी वेड्यासारखी बोलायला लागली. मामाने तुटलेला तुकडा तळहातावर घेतला, बघितला, आणि कानामागे विडी ठेवतात तसा ठेवून दिला. मग म्हणाला, "माह्या हातानंच जास्त घासल्या गेलं."

तीन दिवसांवर मंडई. पाटलाने शेजारच्या गावचा पेटीवाला आणला. तो बिचारा कापडी पिशवीत आपली पेटी घालून आला, आणि त्याची पेटी मामाच्या जुन्या पेटीशी सुरात सूर मिळवून होती. हे अंगणातल्या कोणाच्या ध्यानात आलं की नाही, माहीत नाही. मामाच्या आलं असणार, असं मी तेव्हा धरून चाललो. देव खोटा ठरू नये म्हणून तो बोलत नसेल.

मंडईच्या दिवशी माझं पोट दुखलं. नाहीतर त्या नव्या पेटीसमोर गिटार काढावी लागली असती. मामीने मला गरम पाण्यातून तीनदा ओवा पाजला. तो मी निरोगी पोटाने प्यायलो. ओसरीवर पडून मला दंडार ऐकू येत होती. मामाला पाटलाने झांज दिली होती.

संध्याकाळी परत आल्यावर तो माझ्या उशाशी बसून म्हणाला, "झांजेले सा नसते, भाचा. बरं आहे."

मग मी सहा वर्षं त्या गावी गेलो नाही. रेल्वेत लागलो, वडिलांच्याच मालधक्क्यावर. गार्डसाहेब शेवटी खडगपूरला मुलीकडे गेला आणि गिटार माझ्याकडे ठेवून गेला. मी ती खाटेखाली सारली. सरगम सुटली. ताठा काही सुटला नाही.

एका उन्हाळ्यात मामी दवाखान्यासाठी गोंदियाला आली आणि आमच्याकडे उतरली. जेवताना सहज बोलली. "तुह्या मामाचं काय सांगू! बाजारातून गुंड आणला मी, पाणी भरलं त बुडातून गळून रायला. मी म्हटलं, टिचकी मारून पाहिली नाई का जी? त म्हणते, मले समजत नाई आता. बाया बोलावतात त त्यायलेबी तसंच सांगते. दुसऱ्याले विचारा म्हणते. म्हणते, माहा कान अठरा वर्षं मले फसवून रायला, आता त्याच्या भरवशावर कोनाचे पैसे बुडवू?"

ती हसत होती. मी ताटातला भात चिवडत होतो. तोवर मी समजत होतो, आपण एक पेटी मोडली.

त्या दिवाळीनंतर मंडईला गेलो. खांद्यावर गिटार, खिशात पेन्सिल आणि नाडी. गोरेगावच्या बाजारात मामा बंडीतून उतरला, केस पांढरे झालेले, आणि वाकला. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. सवय.

पाटलाच्या अंगणात दंडारीची माणसं घुंगरू बांधत होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मामाची पेटी बरोबर होती. माझी गिटार दोन घरं खाली होती. मग पेन्सिल दुसऱ्या घरावर ठेवून नाडीने आवळली, नव्या पेटीवाल्याला पांढरी एक दाबायला सांगितली, आणि सा वाजवला. दोन्ही सूर जुळले. निदान मला तसं वाटलं.

 मग पाटील म्हणाला, "वा रे मॅट्रिक! सहा वर्षं लागले का गा पेन्सिल बांधाले?" आता मात्र सगळे हसले. पोट धरधरून हसले. मी त्या हसण्याखाली मुकाट उभा होतो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. स्वस्तात सुटत होतो.

मामा हसला नाही. झांज मांडीवर ठेवून तो म्हणाला, "अजून एकदा वाजव."

मी वाजवला.

"रतीभर चढून रायला."

पेटीवाल्याने पट्टी पुन्हा दाबली, कान दिला, खांदे उडवले. मलाही फरक कळला नव्हता. "पेन्सिल लई आवळली तू," मामा म्हणाला. "तारा ताणल्या. सैल कर." मी नाडीची गाठ थोडी सैल केली आणि पुन्हा वाजवलं. या वेळी दोन सुरांचा एक झाला, त्या पहिल्या दिवशी काळी पाचवर झाला होता तसा. पेटीवाल्याचं बोट पट्टीवरच राहिलं. पाटील हसायचा थांबला.

मामा बराच वेळ आपल्या उजव्या कानाची पाळी चोळत होता. मग त्याने मला फक्त एक विचारलं.

"तुले कवा कळलं, भाचा?"

सांगायला गेलो होतो ना? अंगण होतं, माणसं होती, पेन्सिल समोर होती, तिच्यावर सहा खाचा होत्या. एका वाक्याचं काम होतं.

"गोंदियाला परत गेल्यावर," मी म्हणालो. "साहेबाने सांगितलं तेव्हा."

मामाने माझ्याकडे पाहिलं. गुंडाला टिचकी मारल्यावर तो बघायचा तसं, मान जराशी वाकडी करून. मग म्हणाला, "बरं." झांज उचलली, कारण ढोलकी सुरू झाली होती.

पुढच्या वर्षीपासून तो बाजारात पुन्हा गुंड तपासायला लागला, असं मामीकडून कळलं. पेटीला मात्र त्याने हात लावला नाही. आता तो नाही. असता तरी हे त्याला वाचता आलं नसतं, आणि म्हणूनच हे मला लिहिता येतं आहे, हेही मी जाणतो.

रतीभर चढलेला सूर त्याला कळत होता. माझ्या उत्तरात काय होतं, ते त्याला कळलं नसेल? दुसऱ्या दिवशी मोटारीपर्यंत सोडायला आला. गिटार वर टपावर दिली, मला खिडकीची जागा पाहून दिली, आणि मी चढायच्या आधी नेहमीसारखा वाकून माझ्या पाया पडला.

मी पडू दिलं.